रोजच्या वापरातील जुनी मोटार : कायदा, खर्च आणि काळजी

रायपूर : अॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतील मारुती ८०० यांसारखी मोटार लग्नाच्या वरातीपुरती किंवा प्रदर्शनापुरती न ठेवता रोज कचेरीला, बाजाराला आणि प्रसंगी नागपूरपर्यंत चालवणारी कुटुंबे आजही आहेत. मात्र नोंदणीच्या नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क, सर्वत्र मिळू लागलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि सुट्या भागांची टंचाई यांमुळे अशा मालकांपुढे गाडी ठेवावी की मोडीत काढावी, असा प्रश्न उभा राहिला आहे. या निर्णयात भावनेचा वाटा असतोच. तरीही तो घेण्यापूर्वी कायदा काय सांगतो, हवामान गाडीचे काय करते आणि हिशेब कुठे बसतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

रायपूरच्या संदर्भात हा विषय अधिक कठीण होतो. येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांतील धूळ व काजळी हवेत असते आणि जूनच्या मध्यापासून पावसाळा सुरू होतो. जुन्या इंजिनाची परीक्षा पाहणाऱ्या या तिन्ही गोष्टी एकाच शहरात आणि एकाच वर्षात वाट्याला येतात.

गाड्यांची पार्श्वभूमी

हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. तिची अॅम्बॅसेडर ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ या गाडीवर आधारित होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ च्या सुमारास सुरू झालेले तिचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. २०१७ मध्ये ‘अॅम्बॅसेडर’ हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो समूहाकडे गेले. मूळचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, त्याच आकाराचे डिझेल इंजिन आणि १९९० च्या दशकात आलेले १८१७ घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन असे तिचे प्रमुख प्रकार आज रस्त्यावर दिसतात.

प्रीमियर पद्मिनीची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. फियाट ११०० या इटालियन गाडीची भारतीय आवृत्ती मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन असलेल्या या गाडीचे उत्पादन चालू शतकाच्या आरंभी थांबले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि या दोन्ही गाड्यांचे वर्चस्व ओसरू लागले. त्या पहिल्या तुकडीतील मारुतीनेही आता चाळिशी ओलांडली आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिचेही उत्पादन थांबले.

जुनी गाडी रोज चालू शकते का, या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी दिले आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सीसेवेतून बाद झाली. म्हणजेच उत्पादन बंद झाल्यानंतरही ही गाडी दोन दशके, दिवसाचे अनेक तास आणि ऊन-पावसात चालत राहिली. गाडी दणकट होती, पण तेवढ्याने हे साधले नसते. प्रत्येक उपनगरात ती हाताळणारे मिस्त्री आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी तिचे सुटे भाग उपलब्ध होते. एकट्या-दुकट्या मालकाला नेमकी हीच व्यवस्था स्वतः उभी करावी लागते.

‘विंटेज’ नोंदणीचा गैरसमज

गाडी जुनी झाली की ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. रोज गाडी चालवणाऱ्यासाठी तो चुकीचा ठरू शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये यासंबंधीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या विक्रीनंतर नोंदणी होऊन ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि महत्त्वाचे फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी वाहने या व्याख्येत येतात. नव्याने विंटेज नोंदणी करण्यासाठी २० हजार रुपये शुल्क असून तिची मुदत १० वर्षांची आहे. पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये लागतात. नव्या नोंदणीत क्रमांकामध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदणीकृत असलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक कायम ठेवता येतो.

या नियमांतील निर्णायक अट वापराबाबतची आहे. विंटेज म्हणून नोंदवलेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे. त्यामुळे १९७४-७५ च्या ज्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्या मालकांपुढे दोन वाटा आहेत : विंटेज नोंदणी घेऊन गाडी जपणे, किंवा सर्वसाधारण नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ती चालवत राहणे. ‘क्लासिक’ हा शब्द मालकांच्या आणि क्लबांच्या बोलण्यात रूढ असला, तरी त्याआधारे नियमित वापराची कोणतीही वेगळी सवलत मिळत नाही.

नोंदणीचे नूतनीकरण

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ४१ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज ‘फॉर्म २५’ मध्ये करावा लागतो आणि तो मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत देता येतो. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र लागते, शिवाय गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते.

एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळा टप्पा आला. या टप्प्यात हलक्या मोटार वाहनांना १० हजार, मोटारसायकलींना २ हजार आणि आयात केलेल्या चारचाकींना ८० हजार रुपये शुल्क ठरवण्यात आले. दहा हजार रुपये पाच वर्षांवर विभागले तर वर्षाला दोन हजार रुपये होतात. त्यामुळे शुल्क जाचक वाटले, तरी गाडी ठेवण्या-न ठेवण्याचा निर्णय केवळ त्यावर अवलंबून राहत नाही.

तपासणीत प्रत्यक्ष अडचण येते ती बहुधा चासी क्रमांकाची. जुन्या गाडीच्या पत्र्यावर किंवा पट्टीवर कोरलेला हा क्रमांक गंजामुळे आणि रंगाच्या थरांमुळे वाचता येत नाही. तसे झाल्यास गाडीची ओळखच संशयास्पद ठरते. म्हणून रंगकामाच्या वेळी ही जागा घासून न काढता हलक्या हाताने स्वच्छ करावी आणि तिच्यावर ग्रीसचा पातळ लेप ठेवावा, हा जाणत्या मिस्त्रींचा शिरस्ता आहे.

नोंदणीची मुदत उलटून गेलेली गाडी चालवल्यास दंड होतो. पण त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. नोंदणी वैध नसताना वाहन चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील एका प्रकरणात म्हटले आहे. अशा स्थितीत आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याआधी येथे नोंदवलेल्या गाड्यांवर मध्य प्रदेशची अक्षरे होती, तर रायपूरच्या नव्या नोंदणीला ‘सीजी ०४’ हा संकेत मिळाला. नागपूर किंवा कोलकात्याहून जुनी गाडी विकत आणणाऱ्याने मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांवर पर्यावरण कर आहे. त्यामुळे तिकडून गाडी आणताना तो भरला असल्याची पावती पाहून घ्यावी.

दिल्ली आणि परिसरात १० वर्षांहून जुनी डिझेल आणि १५ वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली होती. त्या आदेशाच्या अंमलबजावणीवर पुढेही न्यायालयात सुनावण्या झाल्या. तो आदेश राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे. त्याचा हवाला देऊन रायपूर किंवा नागपूरमधील मालकाला गाडी स्वस्तात विकायला लावणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. सरकारी वाहनांचा नियम मात्र देशभर लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. एकेकाळी प्रत्येक सरकारी कचेरीच्या आवारात उभी असणारी पांढरी अॅम्बॅसेडर दिसेनाशी होण्यामागे हेही एक कारण आहे.

विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र

तृतीय पक्ष विमा सर्वांना सक्तीचा आहे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये मूळ हप्ता आहे. या हिशेबाने मारुती ८०० पहिल्या गटात, पद्मिनी व १४८९ घनसेंटिमीटरची अॅम्बॅसेडर दुसऱ्या गटात आणि इसुझू इंजिनाची अॅम्बॅसेडर तिसऱ्या गटात येते. विंटेज म्हणून नोंदवलेल्या गाडीला हप्त्यात निम्मी सवलत आहे, परंतु ती गाडी रोज चालवता येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक परस्पर संमतीने ठरवतात. मालकाने गाडीची छायाचित्रे आणि इंजिनकामाची बिले जपून ठेवावीत आणि ठरलेली रक्कम लेखी घ्यावी. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर दाव्याच्या वेळी ५० टक्के घसारा कापला जातो, हेही लक्षात ठेवावे.

प्रदूषण तपासणीत जुन्या गाड्यांना वेगळे निकष आहेत. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० भाग प्रति दशलक्ष आहे. भारत स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० आहेत. सुस्थितीतील कार्बोरेटर आणि योग्य प्रज्वलनवेळ असेल, तर जुनी गाडी तिच्या निकषात बसते. ती बसली नाही, तर तो पेट्रोल वाया जात असल्याचा इशाराही असतो. अशा गाडीला दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घ्यावे लागते.

उन्हाळा : सर्वांत कठीण चार महिने

आधुनिक गाडीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन तापताच आपोआप सुरू होतो. अॅम्बॅसेडर किंवा पद्मिनीच्या मूळ रचनेत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी सिग्नलवर मंद गतीने सुरू असते तेव्हा पंखाही मंद फिरतो आणि समोरून येणारा वाराही थांबलेला असतो. त्यामुळे महामार्गावर व्यवस्थित चालणारी गाडी जयस्तंभ चौकातील किंवा पंडरीतील दुपारच्या कोंडीत मात्र तापते.

यावरचे उपाय साधे, पण नियमित करावे लागतात. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आतील नळ्यांवर थर साचतो आणि उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग आखडतो. म्हणून शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. रेडिएटरच्या झाकणातील रबर आणि स्प्रिंग तपासावे, कारण आतील दाब टिकला तरच पाणी उशिरा उकळते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. ती हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला येऊ देत नाही, शिवाय झीज आणि पेट्रोलचा खर्च वाढवते. खराब झालेला थर्मोस्टॅट बदलणे हाच योग्य मार्ग आहे. गाडी तापल्यावर झाकण लगेच उघडू नये. दाबाखालील वाफेने चेहरा आणि हात भाजतात.

याच काळात ‘गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते’ ही तक्रार येते. अॅम्बॅसेडरच्या मूळ इंजिनात कार्बोरेटर आणि धुराड्याची नळी एकाच बाजूला आहेत आणि पेट्रोलपंप इंजिनालाच जोडलेला आहे. अति उष्णतेने नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय खरोखर उपयोगी आहे, कारण त्याने वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. कायमस्वरूपी उपाय म्हणून पेट्रोलची नळी इंजिनाच्या तप्त भागापासून दूर न्यावी आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

एप्रिल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. ज्या काळात या गाड्या घडल्या, त्या काळी असे इंधन नव्हते. त्याचे परिणाम तीन प्रकारचे आहेत.

पहिला परिणाम रबरावर होतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधील वॉशर इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. तप्त धुराड्यावर पेट्रोलचे थेंब पडले, तर आग लागू शकते. त्यामुळे ही बाब मायलेजपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाच्या घ्याव्यात, क्लिपा बदलाव्यात आणि चालकाच्या हाताशी छोटे अग्निशामक नळकांडे ठेवावे. सकाळी बॉनेट उघडून पेट्रोलचा वास घेण्याची सवय फुकट आहे आणि जीव वाचवणारी आहे.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते टाकीच्या तळाशी वेगळे होते. त्यातून टाकी गंजते आणि गंजाचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. या बाबतीत रोज चालणारी गाडी महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, कारण तिच्यातील पेट्रोल ताजे राहते. पावसाळ्यात टाकी रिकामी न ठेवणे आणि पारदर्शक फिल्टर बसवून त्यात गाळ दिसतो का ते पाहणे, एवढी दक्षता पुरेशी होते.

तिसरा परिणाम ज्वलनाचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो आणि त्याची उष्णताक्षमता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. आधुनिक इंजिनातील संगणक त्यानुसार इंधनाचे प्रमाण वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र मात्र ठरलेले असते, त्यामुळे मिश्रण विरळ होते, इंजिन अधिक तापते आणि ओढ कमी जाणवते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि पुढे १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के मिश्रणाने इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यात दिला होता. जेट थोडा मोठा घेणे आणि प्रज्वलनवेळ पुन्हा जुळवणे हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

याआधीही या इंजिनांनी इंधनबदल पचवला आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करत असे. त्यामुळे ओतीव लोखंडाचे हेड असलेल्या जुन्या अॅम्बॅसेडरचे इंजिन बांधताना कठीण धातूची व्हॉल्व्ह सीट बसवून घेणे हिताचे ठरते.

धूळ, पाऊस आणि ब्रेक

औद्योगिक पट्ट्याजवळून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतरापेक्षा लवकर तुंबतो. तुंबलेल्या फिल्टरने पेट्रोल जास्त लागते, तर फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिनतेलात मिसळून बोअर आणि रिंगा घासते. जुन्या इंजिनाला साधारण २०डब्ल्यू-५० दर्जाचे तेल योग्य असते आणि ते तीन ते पाच हजार किलोमीटरनंतर बदलणे इष्ट ठरते. सांध्यांना ग्रीस देणे, पॉइंट आणि टॅपेटची फट तपासणे ही कामे आधुनिक गाडीत उरलेलीच नाहीत. त्यामुळे नव्या गॅरेजमध्ये ती सुचवलीही जात नाहीत. अॅम्बॅसेडरच्या मूळ पेट्रोल इंजिनात पॉइंटची आणि टॅपेटची फट सुमारे ०.०१५ इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर असते. फीलर गेज वापरता आला, तर मालक स्वतःही हे काम करू शकतो.

पावसात सर्वांत आधी पत्रा खराब होतो. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साचते आणि रंग चांगला दिसत असतानाच पत्रा आतून सडतो. पावसाळ्याआधी ही भोके मोकळी करून घ्यावीत आणि गाडीच्या बुडाला गंजरोधक लेप द्यावा.

या पिढीतील बहुतेक गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. पाण्यातून गेल्यावर ते काही क्षण लागतच नाहीत, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून बाहेर पडताच हलके ब्रेक दाबून ते सुकवून घ्यावेत. लांब उतारावर ते तापून निकामी होऊ लागतात, तेथे खालच्या गियरमध्ये उतरावे. ब्रेकचे तेल ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. जुन्या मास्टर सिलिंडरमधून गळती झाली आणि गाडीला एकच ब्रेकमार्ग असेल, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. रंगकाम आणि गाद्या यांच्याआधी पैसा येथे खर्च व्हायला हवा.

टायरचेही तसेच आहे. कमी धावणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शिल्लक असते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दिलेले असते. नक्षी पाहण्याआधी ते वर्ष पाहावे.

सुरक्षिततेबाबत मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, ही समजूत चुकीची आहे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेची ऊर्जा शोषून घेण्यासाठी चुरगळतो. जुन्या गाडीत ती ऊर्जा आणि ताठ स्टिअरिंग दांडा थेट माणसापर्यंत पोहोचतात. एअरबॅग आणि अँटिलॉक ब्रेक तर नसतातच. आसनपट्टे नसतील, तर सांगाड्याला मजबूत आधार देऊन ते बसवून घ्यावेत. रायपूर ते नागपूर हा सुमारे २९० किलोमीटरचा महामार्ग जुनी गाडी पार करू शकते, परंतु लहान मुलांना घेऊन रात्री आणि वेगात तो प्रवास तिच्यातून करू नये.

सुटे भाग आणि फेरबदल

रायपूर हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर असल्याचा फायदा येथील मालकांना होतो. अॅम्बॅसेडरचे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून आणि पद्मिनीचे कुर्ल्यातून मागवता येतात. मात्र हा साठा अक्षय नाही. कोलकात्यातील व्यावसायिक वाहनांना १५ वर्षांची मर्यादा असल्याने पिवळ्या अॅम्बॅसेडर टॅक्सी मोडीत निघत आहेत. त्यांच्यामुळे आज भाग मिळतात. पण त्या संपल्या की हा झरा आटेल. म्हणून ब्रेक सिलिंडरचे किट, क्लच प्लेट, पाण्याच्या पंपाचे किट, हेड गॅस्केट, डिस्ट्रीब्यूटरची टोपी आणि समोरची काच एवढ्या गोष्टींचा एक संच घरात असणे ही रोज गाडी चालवणाऱ्यासाठी चैन नसून गरज आहे.

भाग मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह होतो. कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे किंवा सीएनजी संच बसवायचा असल्यास परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी आवश्यक असते.

हिशेब कुठे बसतो

महिन्याला ७५० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल, तर ७५ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या नव्या छोट्या गाडीला सुमारे ४२ लिटर पुरते. लिटरचा दर १०० रुपये धरला, तर फरक महिन्याला ३,३०० आणि वर्षाला सुमारे ४० हजार रुपये होतो. दुसऱ्या बाजूला, नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १०,४०० रुपये येतो. या दोन आकड्यांतील सात हजार रुपयांचे अंतर हीच जुन्या गाडीच्या दुरुस्तीची कमाल मर्यादा मानावी. दुरुस्ती दर महिन्याला सारखी येत नाही. वर्षभर काहीच होत नाही आणि मग इंजिन बांधण्याचा खर्च एकदम उभा राहतो. म्हणून ही रक्कम वेगळी ठेवण्याची शिस्त नसलेल्या कुटुंबाला जुनी गाडी अखेर महाग पडते.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. गाडी जपल्याने नवी गाडी बनवण्यासाठी लागणारे पोलाद आणि ऊर्जा वाचते, हे खरे. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले इंजिन शहराच्या हवेत दर किलोमीटरमागे कितीतरी अधिक विषारी वायू सोडते, हेही तितकेच खरे. कमी अंतर, नीट जुळवलेला कार्बोरेटर आणि प्रमाणपत्रात प्रामाणिकपणा एवढे तरी मालकाच्या हातात आहे.

गाडी ठेवायची नाही असे ठरल्यास ती भंगारवाल्याला तोंडी व्यवहाराने देऊ नये. नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र घेतल्यास नवीन खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, शिवाय नव्या गाडीचे नोंदणी शुल्कही माफ होते. जुनी नोंदणी रद्द न करता गाडी दिली आणि तिचा पुढे गैरवापर झाला, तर चौकशी मूळ मालकाच्या दाराशी येते.

निर्णय घेताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, सांगाडा आणि बूड गंजापासून वाचले आहे का? इंजिन पुन्हा बांधता येते, पण सडलेला सांगाडा परवडण्यासारख्या खर्चात पूर्ववत होत नाही. दुसरा, घरापासून दहा किलोमीटरच्या आत ही गाडी जाणणारा मिस्त्री आहे का आणि त्याच्या हाताखाली शिकणारा कोणी आहे का? तिसरा, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली तर कुटुंबाचे काम अडते का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर जुनी गाडी रोज चालवणे व्यवहार्य आहे. तसे नसेल, तर तिला आठवड्यातून एक दिवस रस्त्यावर आणणे हे गाडीच्या आणि माणसांच्याही हिताचे ठरेल.